आबांची जांभळी सही

आधीच सांगून ठेवते... आमच्या घरात भूत, करणी, अंगात येणं, यातलं काहीही चालत नाही. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले देव, ताईत, दाराची लिंबू-मिरची सगळं एका गोणीत भरून बाहेर काढलं होतं. चाळीत कुणी "पोरीला बाहेरचं लागलंय" म्हणालं तर माझी आई तिथल्या तिथे झापायची, "बाहेरचं न्हाई, ताप हाय. डाक्टरकडं ने." अशा घरातली मी. ऐंशी उलटली, आजवर कधी अमावस्या-पौर्णिमा बघून पाऊल टाकलं नाही. त्यामुळे हे या भुताखेतांच्या सदरात लिहू की नको, यातच दोन महिने गेले. पण मेल्यावर कोण सांगणार? तेव्हा लिहिते.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आम्ही नायगावच्या चाळीत राहत होतो. आबा लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात, सूत काढायच्या मशीनवर, आणि मी मॅट्रिक होऊन, दादरला टायपिंगचा क्लास करून, फोर्टातल्या एका विमा कंपनीत टायपिस्ट. नाव घेत नाही, कंपनी पुढे सरकारजमा झाली आणि ते नावही गेलं. आमच्या वस्तीतली पोरगी पंख्याखाली बसून नोकरी करते याचं आबांना इतकं कौतुक, की रिंग खात्यात प्रत्येकाला माझा पगार पाठ होता.

माझं टेबल मोटार अपघातांच्या खात्यात. लॉरीनं माणूस उडवला की लॉरीचा विमा असतो, त्यातून जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाई द्यायची. ती द्यावी लागू नये हेच आमच्या खात्याचं काम, असं मला वर्षभरात कळलं. आमचे इन्व्हेस्टिगेटर होते मिराशी साहेब. टेरलिनचा शर्ट, डोक्याला सुवासिक तेल, बोलणं लोण्यासारखं. अपघात झाला की ते हॉस्पिटलात जायचे आणि जखमी माणसाचा जबाब स्वतःच्या हातानं मराठीत लिहून आणायचे. खाली अंगठा. मी त्याचं इंग्रजी करून टाइप करायची.

आणि प्रत्येक जबाब तोच! "मी दारूच्या नशेत होतो. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, ब्रेक लावला. मी अचानक धावत रस्त्यात आलो. चूक माझी आहे." नाव बदलायचं, तारीख बदलायची, बाकी काना-मात्रा तीच. मला तर न बघता टाइप करता यायचं. खरं काय ते त्याच फायलींत उघडं पडलेलं होतं हो. अपघात नेहमी दुपारी तीनच्या पुढे, पहिली पाळी सुटताना. नेहमी रे रोडच्या वखारींतून लाकूड भरून निघालेली लॉरी, कारण ड्रायव्हरला दिवसाच्या खेपा पुऱ्या करायच्या असायच्या. आणि मरणारा नेहमी गिरणी कामगार. आठ तास मशीनच्या आवाजात उभं राहून बाहेर आलेल्या माणसाला हॉर्न काय ऐकू येणार? हे सगळं माझ्या बोटांखालून जात होतं आणि मी टकाटक टाइप करत होते. माझं पोट भरत होतं ना!

आता आबांबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक म्हणजे त्यांना डावा अंगठा नव्हता. मी चार वर्षांची असताना मशीनच्या पट्ट्यात गेला, मुळापासून. दुसरी म्हणजे ते सही करायला शिकले होते. दीक्षा घेऊन आले आणि म्हणाले, "दारू बंद, खोटं बंद, अंगठा बंद." मीच शिकवली त्यांना सही. आधी एक लांबलचक रेघ ओढायचे, मग तिच्यावर एकेक अक्षर टांगायचे, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. 'भागोजी तांबे' लिहून झालं तरी उजवीकडे वीतभर रेघ उरायचीच. डाव्या हातानं कागद नीट दाबता यायचा नाही, त्यामुळे कागद सरकायचा आणि सही वर चढत जायची. वापरायचे जांभळी कॉपिंग पेन्सिल. दर अक्षराला जिभेवर ओली करायचे. पगाराच्या दिवशी आबांची जीभ जांभळी असायची आणि आम्ही भावंडं हसून हसून लोळायचो.

त्या दिवशी आबा पहिली पाळी करून निघाले. लालबागला मसाला कुटायच्या डंखासमोर, रस्त्याच्या कडेला उभे होते. ओंडक्यांची लॉरी वळणावर आली, थेट कडेला चढली. डंखवाल्या मावशींनी डोळ्यांनी बघितलं, "पोरी, तो उभा होता गं. नुसता उभा होता. हलला पण नाय." हॉस्पिटलात आम्हाला चार ते सहा एवढंच भेटायला सोडायचे. त्या दोन तासांत आबांनी एकदाही डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

बारा दिवसांनी मी कामावर गेले. टेबलावर फाईल होती. भागोजी रामा तांबे. आत मिराशींच्या अक्षरात, "मी दारूच्या नशेत होतो..." आणि खाली, "निशाणी डावे हाताचा अंगठा". वर काळा ठसठशीत ठसा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच फाईल घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, हे माझे वडील."

"कळलं मला. वाईट झालं." त्यांनी मान वर केली नाही.

"ते कडेला उभे होते, साहेब."

"सगळे असंच म्हणतात, बाई."

"ते दारू पीत नव्हते. आणि साहेब... त्यांना डावा अंगठाच नव्हता."

आता त्यांनी मान वर केली. क्षणभर चेहरा पांढराफटक. मग हळूच पेन उघडलं, 'डावे' खोडलं, वर 'उजवे' लिहिलं. "लिहिताना चूक होते माणसाची. करा टाइप."

"त्यांना सही येत होती!"

"तुमच्या वडलांना?" असे हसले ना... तसं हसणं मी शाळेत ऐकलं होतं, पाणवठ्यावर ऐकलं होतं. मिल कामगार, त्यात आमच्यातला, म्हणजे अंगठाबहाद्दर असणारच. तपासायची गरजसुद्धा वाटली नव्हती मेल्याला. "बाई, घरात आता कमावतं कोण आहे? तुम्हीच ना? मग करा टाइप."

मी केलं. लपवत नाही. माझ्या बापाला मी माझ्या हातानं दारुडा केलं. मागे आई होती, दोन भाऊ होते. घरी आल्यावर आईला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "भरपाई नगं मला. पन त्यो शबूद खोडून आन. माज्या मानसानं शपत मोडली न्हाई." त्या रात्री मी ठरवलं, ह्या माणसाला मी रस्त्यावर आणीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिराशी माझ्यावर धावून आले. हातात तोच जबाब. अंगठ्याच्या खाली सही होती. लांब रेघ, त्यावर टांगलेली अक्षरं, वर चढत गेलेली, उजवीकडे वीतभर रेघ उरलेली. जांभळी. मी बोट लावलं तर बोटाला रंग आला. ओली होती!

"हा चावटपणा तुमचा!" ते ओरडले.

"कपाट तुमचं, किल्ली तुमच्या कमरेला," मी म्हटलं. खरंच तसं होतं.

त्यांनी तो कागद फाडला. जबाब पुन्हा लिहिला, अंगठा पुन्हा आणला... कुठून, ते पुढे कोर्टात सगळ्यांना कळलंच. कपाटाला दुसरं कुलूप लावलं. सकाळी पुन्हा सही. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी फाईल उघडली, सही बघितली आणि फाईल मिटली. शेवटी कागद सहीसकट तसाच ठेवला. आणि मला काय वाटलं सांगू? भीती नाही. मला उकळ्या फुटत होत्या. मनात म्हणत होते, आबा, सोडू नका.

आईनं दावा लावला होता. युनियनचे वकील होते, त्यांच्या कानात मी सांगितलं की या माणसाचे सगळे जबाब एकाच साच्यातले आहेत. त्यांनी कोर्टाकडून जुन्या फायली मागवून घेतल्या. अकरा आल्या. मिराशींनी आदल्या संध्याकाळी स्वतः तपासून, लाखेचं सील करून आणल्या होत्या. त्यांत काहीच नव्हतं असं ते नंतर शपथेवर सांगत राहिले, आणि याबाबतीत ते खोटं बोलत नव्हते असं मला वाटतं.

कोर्टात सील फोडलं. जज्जसाहेबांनी एक फाईल बघितली, दुसरी बघितली, चष्मा पुसला. मग विचारलं, "भागोजी तांबे तर याच दाव्यातला मयत ना? सगळ्यांच्या जबाबाखाली याची सही कशी?"

अकराच्या अकरा. त्यांतल्या नऊ तर आबा जिवंत असतानाच्या, दोन आबा गेल्यानंतरच्या.

आई मागच्या बाकावरून उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. "सायेब, माजा मालक हाय त्यो. सही वळखते मी त्याची."

गिरणीतलं पगाराचं रजिस्टर मागवलं. सही तंतोतंत. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे निघाली. ठशांच्या तज्ज्ञानं सांगितलं, अकराही जबाबांवरचा आणि आबांच्या जबाबावरचा अंगठा एकाच माणसाचा. अन् तो माणूस तिथेच टेरलिनचा शर्ट घालून उभा होता. निकालात कोर्टानं 'दारूच्या नशेत' हे शब्द खोटे म्हणून काढून टाकले. आईनं वकिलांकडून ते दोनदा वाचून घेतलं. मिराशींची नोकरी गेली, वर पोलीस केस. पेपरात आणखी बोभाटा नको म्हणून कंपनीनं मला मात्र ठेवलं.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला थांबायचं नव्हतं. मला वाटायचं, एवढ्यात सुटला? आबा राख झाले आणि हा जामिनावर फिरतोय?

चार-पाच महिन्यांनी, दुपारी साडेतीन वाजता, मिराशींना लॉरीनं उडवलं. लालबागला. डंखासमोर. लाकडांची लॉरी, विमा आमच्याच कंपनीचा. हे मी रचून सांगत नाही हो! नव्या इन्व्हेस्टिगेटरला बरं नव्हतं, म्हणून जबाब घ्यायला मला पाठवलं. करावे तसे भरावे म्हणतात, पण ते भरताना समोर बसून बघायला किती जणांना मिळतं? मी रस्ताभर हसत होते.

दोन्ही पाय गेले होते. उजवा हात खांद्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये. तेल नाही, काही नाही. मला बघून डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, मी कडेला उभा होतो हो. नुसता उभा होतो."

"सगळे असंच म्हणतात, साहेब," मी म्हटलं.

आणि त्यांच्यासमोर बसून, सावकाश, एकेक अक्षर घोटून लिहिलं, "मी दारूच्या नशेत होतो. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, ब्रेक लावला. मी अचानक धावत रस्त्यात आलो. चूक माझी आहे." मग त्यांचा डावा अंगठा धरला, शाईवर टेकवला, कागदावर दाबला. ते काय लिहिलंय ते त्यांना कळलं होतं. सोळा आणे कळलं होतं. पण अंगठा ओढून घेतला नाही, छताकडे बघत राहिले. इतकं समाधान मला लग्नाच्या दिवशीसुद्धा झालं नाही.

येताना मी डंखवाल्या मावशींकडे गेलेसुद्धा नाही. काय बघितलंत, असं विचारलंच नाही. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला, कुलूप लावलं.

सकाळी ड्रॉवर उघडला.

अंगठ्याच्या खाली लांब रेघ होती. तिच्यावर अक्षरं टांगलेली, वर चढत गेलेली. भागोजी तांबे. ओली, जांभळी. उजवीकडे वीतभर रेघ उरलेली.

शिपाई चहा ठेवून गेला, तो थंड झाला. मला राग आला, खरंच सांगते. "आबा, ह्याच्यासाठी पण?" असं मोठ्यानं बोलले, टेबलांवरची माणसं बघायला लागली. मग उठले आणि लालबागला गेले. मावशींनी मला बघून डंख बंद करायला लावला. म्हणाल्या, "तो माणूस कडेलाच होता गं पोरी. तुझ्या बापासारखाच. हलला पण नाय." तसं लिहून घेतलं. मावशींनी अंगठा दिला, उजवा. बाईचा उजवा असतो. मिराशींना त्या जबाबावर पुरी भरपाई मिळाली.

मावशींचा तो कागद मी आधी तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवून बघितला. त्यावर सही आली नाही. पुढे तीस वर्षं मी त्याच खात्यात जबाब लिहिले, रोज सकाळी आधी ड्रॉवर उघडून अंगठ्याच्या खाली बघायची सवय लागली. कधीच काही आलं नाही, कारण मी येऊच दिलं नाही.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. डोकं चालवून थकले. मी नास्तिक आहे, तशीच मरणार. पण तो मिराशींचा पहिला कागद, माझ्या हातचा, माझ्या ट्रंकेत आहे. अजून वाचता येतो. कधीकधी काढून बघते आणि आबांशी भांडते. आबा, तुम्हाला एकदाच, फक्त एकदाच, डोळेझाक करता आली नसती का हो?