धुऱ्यावर मोजलेली पावलं

मंडळी, आज सकाळी शेतात गेलो तर शेजारच्या सुखदेवची कॉलेजातली पोरगी आमच्या दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, पावलं मोजून राहिली होती. धान कापलेल्या बांधीच्या खाचरात खुंटाही ठोकलेला! मनात पाल चुकचुकली. धुरा वीतभर सरकला की आमच्याकडे दोन घरांचं बोलणंच बंद होते.

"कायले मोजून राहिली वो बाई?"

"डिस्क गोल्फ जी काका. चकती किती दूर जाते ते पाहून राहिली. खुंटा नेमासाठी आहे." तिनं फेकली, ती खुंट्याला टणकन लागली.

मी शाबासकी दिली. पण संशयाला औषध नाही. ती गेल्यावर मीच धुऱ्यावर पावलं मोजायला लागलो.

तेवढ्यात मागून सुखदेव, "काऊन जी भाऊ, काय मोजून राहिले?"

मंडळी, तुम्ही काय सांगितलं असतं?