सख्ख्या बहिणीशी करार

करार करण्यात प्यो दोक-सूचा हात धरणारा माणूस कोरियाच्या अख्ख्या पश्चिम किनाऱ्यावर नव्हता. गावातल्या शिंपले काढणाऱ्यांच्या संघाचा तो अध्यक्ष. सैबेरियाहून दक्षिणेला निघालेले चमच्यासारख्या चोचीचे चिमुकले पक्षी वाटेत त्याच्या गावच्या चिखलात पोट भरायला उतरत. जगात ते आता मोजकेच उरलेत असं कळल्यावर दोक-सूला त्यांच्याविषयी एकाएकी माया दाटून आली. तोवर ती नुसती चिखलातली पाखरं होती.

मग करार सुरू झाले. नगरपालिकेशी, विद्यापीठाशी, एका सिमेंट कंपनीशी (तिचं पक्ष्यांवर फारच प्रेम) आणि शेवटी थेट ऑस्ट्रेलियातल्या संस्थेशी. दर वेळी फीत, फोटो आणि वर शिंपल्यांच्या रश्श्यातल्या शेवया. दोक-सूने पक्ष्याचं चित्र असलेला टायसुद्धा घेतला. पक्ष्यांना कळवायचं तेवढं राहून गेलं.

ऑस्ट्रेलियाहून आलेल्या बाईंनी एकदा विचारलं, "भरतीला चिखल बुडाला की पक्षी बसतात कुठे?"

दोक-सूने खाडीपलीकडे बोट दाखवलं. तिथे शेजारगावचं बंद मिठागर होतं, आणि त्यावर सोलर पॅनेल बसायचे होते.

"मग त्यांच्याशी करार करा की!"

सगळा संघ खाली बघू लागला. शिंपल्यांच्या हद्दीवरून दोन्ही गावांत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. पलीकडची प्रमुख मल-सून. दोक-सूची सख्खी थोरली बहीण.

अखेर नासपतींची पेटी घेऊन तो गेला. ती अंगणात मासे साफ करत होती.

"ताई, पक्ष्यांसाठी आलोय."

"मला वाटलं, वाट चुकलास. आणि हा टाय? कुणाचं लग्न आहे?"

"मिठागर तेवढं राहू दे."

"राहील. तुमच्या लोकांनी सरकवलेला हद्दीचा खांब आधी जागच्या जागी रोव."

"संघ मला फाडून खाईल गं!"

"मग बोलव ना ऑस्ट्रेलियाला सोडवायला."

दोक-सू दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून त्याने खांब उपटला आणि जुन्या जागी ठोकला. बांधावर उभं राहून त्याच्याच माणसांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शिंपल्यांची चांगली जागा गेली ती गेलीच.

मल-सूनने शब्द पाळला. पॅनेल शाळेच्या आणि गोदामाच्या छपरावर गेले. समारंभ कधी, असं नगरपालिकेने विचारलं, तर म्हणाली, "मासे खारवायचेत, वेळ नाही."

पुढच्या निवडणुकीत संघाने दोक-सूला घरी बसवलं. नव्या अध्यक्षाने आल्याआल्या एका विमा कंपनीशी पक्षीरक्षणाचा करार केला. भाषणं चालू होती तेव्हा दोक-सू भरतीचं पाणी आत घुसू नये म्हणून मिठागराच्या बांधातली फुटलेली मोरी बुजवत होता.

"हळू!" मागून मल-सून ओरडली. "बसलेत ना ते तिथे! लहानपणापासून धसमुसळा तो धसमुसळाच."

पाखरं पंखात चोच खुपसून निजली होती. त्याने फावडं अलगद खाली ठेवलं आणि हातानेच चिखल लिंपायला घेतला.