माझ्या पणतीवरून लागलेली पणती

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. रविवारच्या बैठकीत तर नाहीच — आणि तिथे आम्ही जमतो ते खरं सांगण्यासाठीच.

बंगळुरात, के. आर. पुरमला एका घराच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही काही माणसं सतरंजीवर गोल करून बसतो. कुणी देव मानणारं, कुणी न मानणारं, कुणाचं अजून ठरायचंय. मूर्ती नाही, पोथी नाही, गुरू नाही. प्रत्येकापुढे एक पणती. काडी एकदाच ओढायची; मग ज्याने त्याने शेजाऱ्याच्या पणतीवरून आपली लावायची आणि आपल्याला खरोखर जे सापडलंय तेवढंच बोलायचं. बोलणाऱ्याला उलट प्रश्न करायचा नाही. हा नियम मला फार आवडायचा. का, ते कळेलच.

आई गेली ती आमच्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये. त्यानंतर मी बैठकीला गेलो तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते — मायेनं. माझी पाळी आली. सांगण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणालो, शेवटच्या क्षणी आईने माझा हात दाबला, आणि खोलीत काहीतरी भरून आलं. मी देव मानत नाही, पण ते होतं.

कुणीतरी डोळे पुसले. आणि मला — लाज वाटते लिहायला — बरं वाटलं.

माझ्या डाव्या हाताला सुमित्राक्का बसायच्या. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथेच मुरलेलं. ‘घरी दोन देवघरं आहेत रे, एकातही देव भेटला नाही. इथे काफी तरी बरी मिळते,’ असं म्हणून स्वतःच हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. त्यांचे यजमान, अण्णा, तेव्हा अंथरुणाला खिळले होते.

त्यानंतर काफी पिताना त्या मला गाठू लागल्या. तिथे तो नियम नव्हता ना.

‘कुठला हात रे? उजवा?’

‘उजवा.’

‘आधी काही कळलं तुला? स्वल्प तरी?’

मी सांगत गेलो. प्रत्येक वेळी थोडं अधिक. खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं — मी तर त्याला बाळसं आणलं.

अण्णांचे शेवटचे दिवस आले तेव्हा अक्का त्यांच्या उजव्या बाजूने हलल्या नाहीत. त्यांची मुलगी वीणा म्हैसूरहून आली होती. बापाचा हात धरायला पुढे झाली, तर अक्कांनी तिला पायाशी बसवलं. ‘दोघींत वाटलं जाईल,’ म्हणाल्या. वीणा पायाशी बसली. अण्णा गेले. हात दाबला नाही. काही भरून आलं नाही.

अक्का माझ्याकडे आल्या. जिन्यात, बैठकीआधी. ‘मला का नाही रे?’

त्या क्षणी सांगता आलं असतं. तिथेच, चपला काढता काढता. एका वाक्याचं काम होतं — अक्का, आई गेली तेव्हा मी खोलीत नव्हतो. खाली पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो, एसी लावून, कारण तिच्या श्वासाचा तो आवाज मला ऐकवत नव्हता. वरून नर्सचा फोन आला. पाहिला. उचलला नाही, सीटवर पालथा घातला. कशासाठी बोलावत असेल ते मला ठाऊक होतं. मी वर गेलो तेव्हा नर्स आईचा हात चादरीत घेत होती.

हे मी बोललो नाही. काय बोललो?

‘तुमचं मन शांत नसेल, अक्का. मन शांत लागतं.’

त्यांनी मान हलवली. कानडीत एवढंच म्हणाल्या, ‘सरी.’ बरं, ठीक.

भीतीपोटी खोटं बोलणं एक. पण हे? हे मी त्यांच्यावर ढकललं. चेहऱ्यावर पुरेशी करुणा आणून.

तेव्हापासून त्या आपली पणती लावतात आणि म्हणतात, ‘अण्णा गेले तेव्हा माझं मन शांत नव्हतं. मी शिकते आहे.’ ऐकणारे भारावतात. किती प्रामाणिक, म्हणतात. वीणा आईशी बोलत नाही. ते अक्का पणतीपुढे सांगत नाहीत, मला सांगतात. आणि मी शेजारी बसून मान डोलावतो. जागा बदलता आली असती. तीही बदलली नाही — बदलली तर कुणी विचारेल.

कधी कधी वाटतं, त्यांना माहीत आहे. मग त्यांचा चेहरा पाहतो. नाही, त्यांना माहीत नाही.

गेल्या रविवारी सतरंजीवर टेकता टेकता त्यांनी माझं मनगट धरलं. हात फार हलका झालाय त्यांचा.

‘माझी वेळ येईल तेव्हा वीणाला नको. घाबरेल ती. तू ये. तू बसलायस एकदा, तुला येतं.’

मी म्हणालो, ‘येईन.’

मग पाळी आली. मी माझी पणती लावली. काहीतरी बोललो — काय ते आठवत नाही. अक्का वाकल्या आणि त्यांनी आपली वात माझ्या ज्योतीला लावली.