सोयाबीनचा खिमा आणि आमचे अप्पा

आमच्या अप्पांना एका जागी बसवत नसे. वडवणीच्या बाजारातल्या आपल्या किराणा दुकानात ते गल्ल्यापासून पायरीपर्यंत येरझारा घालत, गिऱ्हाइकाशीही चालता चालताच बोलत. मी सून म्हणून आले तेव्हा वाटलं, कसली तरी काळजी असेल. पुढे कळलं, स्वभावच तो.

आमचं घर लिंगायत वाण्याचं. दुकानात अंडंसुद्धा ठेवायचं नाही, हा अप्पांचा नेम. त्यांचे जिवलग दोस्त खंडूतात्या मात्र रविवारी मटणाशिवाय जेवत नसत. जन्माची दोस्ती, पण अप्पांनी तात्यांच्या घरी चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. "चूल त्याची, नेम माजा," एवढंच म्हणत.

तात्यांना हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मटण बंद केलं, तर ते दोन घास खाऊन ताटावरून उठू लागले. वाळत चालले. मग मी पुण्याहून सोयाबीनच्या खिम्याचं पाकीट आणलं. अप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं. शाकाहाराचा हिरवा ठिपका होता, पण शेजारी चित्र मटणाच्या खिम्याचं.

"ज्याचं तोंड बघत न्हाई, त्याचं सोंग कशापाई घरात आणायचं?" म्हणाले आणि दुकानात निघून गेले. दुपारी पाकीट पुन्हा हातात घेतलं. संध्याकाळी पुन्हा. यात जीव मारलेला नाही ना, हे मला परत परत विचारलं. रविवारी स्वतःच ते पिशवीत घालून तात्यांकडे निघाले. मलाही सोबत नेलं.

तात्यांच्या घरच्या काकूंनी मटणाला घालतात तो येसर मसाला घालून खिमा केला. तात्या पोटभर जेवले. "मटण न्हाई हे," म्हणाले, "पर भाकरी गेली." मग अप्पांना बसायचा आग्रह केला. अप्पा बसले. खिम्याला हात लावला नाही. पण त्या घरची भाकरी ठेच्याशी खाल्ली. तात्यांनी स्वतःच्या हाताने त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

पुढे अप्पांनी ती पाकिटं दुकानात ठेवली. भावकी बोलू लागली. काही घरांनी माल नेणं सोडलं. अप्पा कुणाला उत्तर देत नसत. पण एखाद्या दिवशी पाकिटं आतल्या फळीवर जात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे येत.

गेल्या वर्षी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "पोरी, ते ठेवलं ते बरूबर केलं का गं?"

"तात्या जेवायला लागले ना, अप्पा."

"तात्याचं न्हाई इचारत."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. त्याच आठवड्यात ते गेले. आता दुकानात मी असते. कुणी ते पाकीट मागितलं की देताना माझा हात जरासा थांबतो.