मूर्तिजापूर सोडलं

हे मी बायकोपाशीही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण परवा डोकं फिरलं.

मुलीनं मोबाइल पुढे केला. अमरावती ते अकोला, विमानानं म्हणे पंधरा-वीस मिनिटं. कुठलं विमान? या दोन गावांमध्ये ते उडतंय कुठे? कुठल्या तरी यंत्रानं नकाशावर सरळ रेघ ओढली आणि वेळ काढून दिली. घरातले हसले. मी मोबाइल हिसकावून गादीवर आपटला. का, ते कुणाला कळलं नाही — कसं कळणार?

माझी थोरली बहीण अकोल्याला एकटी राहते. काही वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी तिचा फोन आला.

"हात जड पडून राह्यला रे. कप धरता येत नाही. येतो का लवकर?"

निघालोच, म्हणालो.

आपल्याकडची खोड तुम्हाला ठाऊक आहे. चप्पल शोधत असतो तेव्हाच आपण फोनवर अमरावतीच्या वेशीवरचं बडनेरा सोडलेलं असतं. ऐकणाराही त्यातून वजाबाकी करूनच चहा ठेवतो. यात खोटं बोललो असं वाटतं का कधी कुणाला? मलाही वाटलं नाही.

मी होतो अमरावतीशेजारच्या भातकुलीजवळ, मित्राच्या वावरात. रोडग्यांचा बेत होता. रोडगे अजून निखाऱ्यात होते, वांग्याची भाजी उतरायची होती. मनात म्हटलं, ताईला नेहमीच काही ना काही होतं — गॅस असेल. खाऊन निघू. तिचा पुन्हा फोन आला, कुठवर आला? "मूर्तिजापूर सोडलं," मी म्हणालो. म्हणजे निम्म्याहून जास्त वाट सरली. हातात तुपात बुडवलेला रोडगा होता. तो संपवला. मग दुसरा घेतला. लाज वाटली नाही, अजिबात नाही.

पोचलो तेव्हा ती दारातल्या खुर्चीत एका बाजूला कलली होती. तोंड वाकडं झालेलं. शेजारच्या काकू तिला धरून उभ्या होत्या.

"ऑटो दारातच उभा होता जी," त्या म्हणाल्या. "पण ताई म्हने, माहा भाऊ मूर्तिजापूरच्या पुढं आला, आता त्याच्यासंगच जातो. इतका उशीर काहून झाला तुमाले?"

"बोरगावजवळ ट्रक उलटला होता."

कुठलाही ट्रक उलटला नव्हता. रस्ता मोकळा होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. नातेवाइकांनी त्या रस्त्याला शिव्या घातल्या. मीही घातल्या — सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

ताईचा उजवा हात गेला तो गेलाच. जीभ जड झाली. तरी येईल त्याला ती अडखळत सांगते, भाऊ उलटलेल्या ट्रकच्या बाजूनं वाट काढत आला माझ्यासाठी. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. राग कुणाचा येतो? तिचा. हो, तिचाच! इतका विश्वास ठेवायला कुणी सांगितलं होतं तिला? त्या दिवशी वजाबाकी का नाही केली? असा नीच माणूस आहे मी.

मागच्या रविवारी अकोल्याला जायचं होतं. तिचा फोन आला, कुठवर आला? मी घरातच होतो, मोजे शोधत.

"बडनेरा सोडलं," मी म्हणालो.

ती तेव्हाच दार उघडून बसली असणार.