मामंजींचं नाक

माझे सासरे समोर आलेलं कुठलंही पाणी आधी हुंगत आणि मगच पीत. हे मला कळलं, ते मला बघायला अकोल्याला आले तेव्हा. मी ट्रेमध्ये ग्लास घेऊन बाहेर आले. त्यांनी एक उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि सगळ्या बैठकीसमोर एक लांब श्वास घेतला. मग माझ्या वडिलांना विचारलं, "पाणी कवा भरलेलं आहे हे?" आमच्याकडे त्या उन्हाळ्यात नळाला पाणी आलं हीच मुळात बातमी असायची, त्याचा वास कोण बघत बसतो! आईचा चेहरा पडला. ग्लास नीट घासला गेला नाही, स्थळ गेलं, असं तिला वाटलं. मामंजी मात्र ग्लास खाली ठेवून म्हणाले, "पोरगी पसंत आहे. पाण्यात तेवढं क्लोरीन टाकत जा."

लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा उलगडा झाला. खारुन नदीकाठच्या फिल्टर प्लांटवर ते सुपरवायझर होते. नदीचं गढूळ पाणी आत यायचं, तुरटीने त्याचा गाळ बसायचा, ते वाळूच्या थरांतून झिरपायचं आणि शेवटी त्यात क्लोरीनचा वायू सोडून शहराला जायचं. हे सगळं आपापल्या जागी होतंय की नाही, यावर मामंजींची नजर. नजर म्हणण्यापेक्षा नाक. क्लोरीनची मोठाली लोखंडी सिलिंडरं ज्या खोलीत असत, तिच्या दाराशी ते उभे राहून मान वर करत, आणि ते छत्तीसगढीत "हव, बने हे", म्हणजे हो, ठीक आहे, असं म्हणेपर्यंत एकही ऑपरेटर आत पाऊल टाकत नसे. कुठे बारीकशी गळती असली तर इतरांना खोकला येण्याआधी ती मामंजींना कळे. प्लांटवर त्यांना 'नाकवाले दादा' म्हणत, आणि त्या नावाचा त्यांना चांगलाच गर्व होता.

पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो अशी कोणी तक्रार केली की मामंजींची कळी खुलायची. समोरच्या साहूदीदी हमखास म्हणायच्या, "दादा, आपका पानी तो पीया नहीं जाता, इतनी बास मारता है." हे खूश होऊन घरात यायचे. "वास म्हणजे पहारा," ते मला समजावत. "वास येऊन राहिला म्हणजे पहारेकरी जागा आहे. वास गेला का समजायचं, रस्त्यात कोणतरी त्याले खाऊन टाकलं." आमचं घर भनपुरीच्या बाजूला, पाइपलाइनच्या पार शेवटच्या टोकाला. इथवर वास पोचला म्हणजे वाटेत सगळीकडे पहारा शाबूत, असा त्यांचा हिशोब होता.

या बाबतीत त्यांनी देवालाही सोडलं नाही. देवघरात सासूबाईंच्या वेळचा गंगाजलाचा सीलबंद गडू होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, म्हणून विवेकचा, माझ्या नवऱ्याचा, त्या गडूवर फार जीव. मामंजी पूजा मनोभावे करत, पण गडूकडे बोट दाखवून हटकून म्हणत, "गंगामाय मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण हिच्यात क्लोरीन कोण टाकलं?" विवेक चिडून ताटावरून उठायचा. मग त्या दोघांची समजूत घालणं माझ्याकडे.

पुढे तापाची ती मोठी साथ आली. आम्ही तिघंही पडलो. तोंडाची चव गेली, वास गेला, आणि हळूहळू माझा आणि विवेकचा परत आला. मामंजी कामावर रुजू झाले, पहिल्यासारखं ग्लास नाकाशी नेऊन पाणी पिऊ लागले, तेव्हा त्यांचंही ठीक झालं असं मी धरून चालले. एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी मटार सोलत बसले होते आणि मी अंगणात कपडे वाळत घालत होते. करपल्याचा वास थेट अंगणात आला. धावत आत गेले तर ओट्यावर दूध जळून पातेलं काळं झालेलं, घरात धूर, आणि मामंजी धुराकडे पाठ करून शांतपणे शेंगा सोलतायत. "काहून पळून राहिली?" त्यांनी मलाच विचारलं. मग वळून धूर बघितला. मी त्यांच्याकडे बघितलं आणि दोघांनाही कळलं की आता लपवण्यात अर्थ नाही.

"विवेकले सांगू नको," ते म्हणाले. "प्लांटवर तर कोणालेच नाही."

"मामंजी, तुम्ही त्या खोलीत जाता. तिथे गॅस आहे!"

"डोळे आहेत ना मले. अमोनियात बोळा भिजवून काडीनं फिरवतो मी. जिथं गळती असते तिथं पांढरा धूर निघते. अन् नाक परतून राहिलं आहे थोडं थोडं."

नाक परतत नव्हतं. मी चोरून परीक्षा घेतली. हिंगाचा डबा उघडून त्यांच्या मागे धरला, त्यांनी मान वळवली नाही. तेव्हापासून दुपारी फोन वाजला की हातातली वस्तू खाली ठेवून आधी भिंतीला टेकायची, मग उचलायची. शिफ्टवरून यायला उशीर झाला की गेटाशी जाऊन उभी. ते दाराशी मान वर करून "बने हे" म्हणत असतील, त्यांच्या भरवशावर माणसं आत जात असतील, आणि त्या "बने हे"च्या मागे काहीच नाही, हे जगात मला एकटीलाच माहीत. मी रागावले, रडले, विवेकला सांगायची धमकी दिली. ते प्रत्येक वेळी म्हणत, "सांगिन ना. मीच सांगिन." नाकवाला दादा म्हणून ज्याला आयुष्यभर ओळखलं, त्याला ते सांगणं किती जड असेल हे मलाही दिसत होतं, म्हणून माझी जीभ रेटत नव्हती.

घरच्या नळाची तपासणी मात्र त्यांनी माझ्यावर सोपवली. सकाळी नळ आला की पहिला तांब्या मी भरायचा, हुंगायचा आणि निकाल द्यायचा. मी "येऊन राहिला, मामंजी" म्हणेपर्यंत ते पाण्याला तोंड लावत नसत. ते शिफ्टवर असले तर फोन यायचाच, "काय म्हणते पाणी?" पुढे मला दिवस गेले आणि माझं नाक असं तिखट झालं की साहूदीदींकडची फोडणी मला रस्त्यापलीकडून उलटी आणायची. मी हैराण, आणि मामंजी कौतुकाने म्हणायचे, "सध्या साऱ्या रायपुरात तुझ्यासारखं नाक नाही, पोट्टी."

त्यांच्या सुट्टीचा दिवस होता. साहूदीदींच्या मुलीची हळद होती, अख्खी गल्ली हंडे-कळशा घेऊन नळावर. मी तांब्या भरला, हुंगला, ओतून पुन्हा भरला.

"मामंजी, वास नाही आज."

"सर्दी आहे का तुले?"

"नाही. बाकी सगळ्याचा येऊन राहिला. साहूदीदींच्या हळदीचा येतो, गटाराचा येतो. पाण्याचा नाही."

त्यांनी तांब्या माझ्या हातातून घेतला आणि सवयीने नाकाशी नेला. मग तसाच खाली घेतला. प्लांटवर फोन करून विचारलं, तिथे क्लोरीन व्यवस्थित चालू होतं. म्हणजे वाटेत कुठेतरी घाण पाणी शिरलं होतं आणि पहारेकरी संपला होता. समोर गल्ली ते पाणी भरत होती. मामंजींनी आमच्या भागाच्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला आणि व्हॉल्व बंद करायला सांगितला. साहेब म्हणाले, टेस्टवाली टीम पाठवतो, रिपोर्ट आला की बघू. मामंजी अडून बसले. तेव्हा फोनमधला आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "दादा, आपने खुद सूंघा है? आपकी नाक कहती है तो अभी बंद करवाता हूँ."

मामंजी माझ्याकडे बघत होते. मी पोटावर हात ठेवून उभी होते.

"हव सर," ते म्हणाले. "मैंने खुद सूंघा है."

थोड्याच वेळात नळाची धार बारीक होत होत थांबली आणि गल्ली आमच्या दारावर आली. "शादी वाले घर का पानी बंद करवा दिया दादा, आज के दिन?" साहूदीदी रडकुंडीला आल्या होत्या. मामंजी बनियनवरच दारोदार फिरून भरलेलं पाणी ओतून टाका म्हणून हात जोडत होते. कोणी ओतलं, कोणी शिव्या दिल्या. त्यांनी टँकरसाठी फोन केले आणि पायरीवर येऊन बसले. मी तो तांब्या समोर घेऊन बसले आणि पुन:पुन्हा हुंगत राहिले. आता मला वाटू लागलं की येतोय, थोडासा येतोय. माझ्या एका शब्दावर या माणसाने लग्नघराचं पाणी तोडलं होतं, आणि मी कोण? मळमळीने त्रासलेली एक बाई.

दुपारी टीम आली. बाटलीतल्या पाण्यात त्यांनी औषधाचे थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. त्याला रंग चढलाच नाही. संध्याकाळच्या आत मूळ सापडलं. ट्रकांच्या रस्त्यालगत नाल्यातून गेलेला पाइप चाकाखाली येऊन तडकला होता आणि नाला त्यात शिरत होता. साहूदीदी स्वतः येऊन हळदीच्या पंगतीचं वाढलेलं ताट देऊन गेल्या. मी आनंदाने रडत होते आणि मामंजी शर्ट घालत होते.

"आता कुठे? सारं तर बरोबर निघालं!"

"म्हणूनच जाऊन राहिलो. लाइन माझ्या नाकावर बंद झाली, अन् नाक तुझं होतं. उद्या त्या खोलीच्या दाराशी कोणाचं नाक नेऊ मी?" त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली. "आजचं खोटं पचून जाईल, सूनबाई. रोजचं मले नाही पचणार."

त्यांनी साहेबांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. साहेब भला माणूस, प्रकरण वाढवलं नाही. मामंजींना प्लांटवरून काढून ऑफिसात तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसवलं. मी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपले. पण खरं सांगते, ते मात्र त्या टेबलावर सुकले. नदीकडच्या रस्त्याने जायचं त्यांनी सोडून दिलं. फक्त सकाळचा आमचा रिवाज राहिला. मुलगी झाल्यावर त्यात भर पडली. ते तिला मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत, "हिच्या टाळूले कसा वास येते, सांग ना." मी सांगायची, तेलाचा, दुधाचा, थोडा धुरीचा. ते डोळे मिटून ऐकायचे.

रिटायर झाल्यावर छातीच्या दुखण्याने त्यांना धरलं. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका दुपारी श्वास लांबत चालला तेव्हा विवेकने देवघरातला तो गडू आणला, सील फोडलं आणि चमच्याने गंगाजल ओठांशी नेलं. ओठ उघडले नाहीत. पाणी हनुवटीवरून उशीवर ओघळलं. विवेकने पुन्हा प्रयत्न केला आणि त्याला रडू फुटलं.

मी उठले. सकाळच्या नळाचा हंडा भरलेला होता, त्यातून तांब्या बुडवून आणला. त्यांच्या उशाशी बसून तो माझ्या नाकाशी धरला आणि कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले, "येऊन राहिला, मामंजी."

ओठ विलग झाले. त्यांनी घोट घेतला.