फॉलखालचा टॅग

चेन्नईजवळच्या सिरुसेरीच्या ऑफिसातून मला काही महिने शहरातल्या टी. नगरच्या एका साड्यांच्या दुकानात पाठवलं होतं. तिथं साड्यांना रेडिओ टॅग लावायला नुकतीच सुरुवात झाली होती. टॅग म्हणजे कागदाएवढी पातळ चिकटपट्टी. दाराजवळच्या यंत्रापाशी साडी आली की तिचा नंबर माझ्या लॅपटॉपवर उमटायचा. माझा प्रोग्रॅम अगदी साधा होता. नंबर पुरता आलाय का आणि शेवटचे तपासणीचे अंक जुळतात का, एवढंच तो बघायचा. जुळले तर हिरवी ओळ, नाहीतर लाल.

दुपारी गिऱ्हाईक विरळ व्हायचं. पंख्याचा वारा, कोऱ्या रेशमाचा वास, पडद्यावर संथ उमटणाऱ्या ओळी. मी अर्धी तिथं असायची, अर्धी सांगलीत.

कधीकधी दारात एकही साडी नसताना हिरवी ओळ यायची. नंबर नेहमी तोच. अंक बरोबर, पण ती साडी केव्हाच विकली गेलेली. केबल बदलली, प्रोग्रॅम पुन्हा वाचला, काही सापडेना.

एकदा फोनवर आईला हेच सांगत होते, तेवढ्यात ती ओळ उमटली. मान वर केली तर समोर रेशमी विभाग सांभाळणाऱ्या बाई. आजवर आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचो.

"तुम्ही मराठी की?" त्या म्हणाल्या. "आम्हीही. तंजावरचे. जेवण जाहलें?"

तमिळ हेलातलं ते 'जाहलें' ऐकून मला क्षणभर कळेना मी कुठे आहे. मग नजर त्यांच्या साडीवर गेली.

"ही इथलीच का हो?"

"होय. लेकीच्या साखरपुड्यास घेतली."

आम्ही काठ चाचपला. फॉलखाली काहीतरी ताठ लागलं. टॅग न काढताच शिंप्यानं वर फॉल शिवला होता! बाई तोंडावर पदर धरून हसत सुटल्या. मी कात्री शोधू लागले.

"राहों द्या," त्या म्हणाल्या. "मी आलें हें तुम्हास कळतें ना?"

मी प्रोग्रॅममध्ये थोडी भर घातली. विकलेल्या साडीचा नंबर आला तर तो दुकानातल्या साड्यांत धरायचा नाही, नुसती निळी ओळ दाखवायची. मालकांनाही ते पटलं.

ती ओळ दिसली की मी डबा काढायची. बाई दहीभात घेऊन शेजारी बसायच्या.

"लेक घरीं तमिळच बोलते," एकदा त्या म्हणाल्या. "तुमच्याशीं बोललें कीं जिभेस बरें वाटतें."

मी त्यांच्या पानात शेंगदाण्याची चटणी वाढली आणि त्या बोलत राहिल्या.